पवन्या गवताच्या मॅडम

कुठल्याही रानात पाय ठेवला की मॅडम आधी विचारायच्या, "इथला मालक कोण?"

नव्या पोरांना वाटायचं, सातबारा कोणाच्या नावे आहे ते विचारताहेत. एकाने तर आपल्या मामाचं नाव सांगितलं. मॅडम पोट धरून हसल्या. "मामा नाई रे. ज्याच्या जिवावर बाकीचे जगून राहिले, तो मालक."

अमरावतीच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, मी रसायनशास्त्र. बार्शीटाकळीजवळच्या एका कुरणात त्यांची सहल दरवर्षी जाई, तिच्यात मीही घुसायचो. तिथला मालक पवन्या गवत. कमरेएवढं, दिवाळीच्या सुमारास सोनेरी. त्यात नाकतोडे, नाकतोड्यांवर जगणारे लावे नि तितर, त्यांच्यावर टपलेले ससाणे, आणि चरणाऱ्या मेंढ्या. "हे गवत काढा, सारं घर बसते," मॅडम म्हणायच्या.

एक विद्यार्थी त्यांचा फार लाडका. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर त्याला त्यांनी घरीच ठेवून घेतलं होतं. पुढं तो वनखात्यात अधिकारी झाला. एका पावसाळ्यात त्याचा फोन आला. वृक्षारोपण आहे, पहिलं झाड तुमच्याच हातचं पाहिजे. मॅडमनी नवं पातळ काढलं. मला म्हणाल्या, "चला, पोराचं कौतुक पाहून येऊ."

त्यानं पाठवलेली गाडी त्या कुरणातच शिरली. मशीननं गवत खरवडून खड्ड्यांच्या रांगा पाडल्या होत्या. मंडप, हार, माइक. लांब मेंढपाळ मंडळी गुमान उभी.

मॅडमनी त्याला बाजूला घेतलं. "हे काहून केलं रे? तुले तर इथंच शिकवलं मी."

"कागदावर पडीक आहे, मॅडम. झाडाले कोणी वाईट म्हणत नाई." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "मेंढीवाले आडवे आले होते. तुमाले मानतात ते. तुमचं नाव सांगतलं, तवा गप्प बसले."

मॅडम रोपाला हात न लावता मेंढपाळांकडे गेल्या. दरवर्षी आम्हाला ताक पाजणारी म्हातारी पुढं होती. "बाई," ती म्हणाली, "तुमीच म्हनल्या म्हने, गवत काढा."

मॅडम नाही नाही म्हणत राहिल्या. पण सरकारी गाडीतून उतरलेल्या बाईचं कोण ऐकणार? म्हातारीनं तोंड फिरवलं.

झाडं जगली. सावलीत गवत विरळ झालं, लावे गेले, मेंढ्याही दुसरीकडे गेल्या. मॅडम पुन्हा त्या वाटेला फिरकल्या नाहीत.

गेल्या वर्षी मॅडम आपल्या लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या, तेव्हा तो विद्यार्थी भेटायला आला. पाया पडला. मॅडमनी आशीर्वाद दिला, त्याच्या लेकरांची विचारपूस केली, स्वतः चहा केला. कप त्याच्यापुढं ठेवला नि शांतपणे म्हणाल्या,

"घ्या साहेब. तुमाले साखर चालते न?"