एका घागरीची शपथ

“मुलगी मिळायची नाही! आधी त्या दारू सोडणाऱ्यांच्या मंडळीत जा, शपथ घ्या, अध्यक्षांची चिठ्ठी आणा, मग बोला!”

सासरेबुवा कल्याणच्या आपल्या ओटीवरून असे गरजत होते, की दुर्गाडीच्या बुरुजावरच्या घारी उडून थेट भिवंडीस गेल्या. मी खाली अंगणात. बायको माहेरी येऊन दोन महिने झाले होते आणि ठाण्यात मी रांधलेले पिठले पाहून शेजारचे मांजर गाव सोडून गेले होते.

“पुढच्या रविवारी दिवेलागणीपर्यंत चिठ्ठी आली नाही, तर तिची पेटी माळ्यावर जाईल. मग ती खाली उतरायची नाही, आणि मुलगीही तुमच्याकडे यायची नाही!”

“पण ती मंडळी भरते कुठं?”

“मला काय ठाऊक? मी पितो की काय?”

सगळी मेख इथेच होती. मंडळीचा पत्ता ठाऊक असणे म्हणजे दारुडा असणे, अशी साऱ्या ठाण्याची समजूत. कचेरीतल्या हेडकारकुनाला विचारले, तर “माझ्याकडे बघून विचारलंत?” म्हणून तो तीन दिवस बोलला नाही. टेंभी नाक्यावरचा वाणी म्हणाला, “हळू बोला, गिऱ्हाइकं ऐकताहेत.” देवळातल्या पुजाऱ्याने तोंडावर उपरणे धरून मान हलवली. त्या उपरण्याआडून जो दरवळ आला, त्याने माझा निश्चय तिथेच पाघळला असता.

शनिवार संपला. रविवारी सकाळी वैतागून मी, ज्याला विचारायचे नाही असे ठरवले होते, त्या ताडीच्या गुत्तेवाल्याकडे गेलो.

“एवढंच ना?” तो म्हणाला. “कोळीवाड्यापलीकडं मिठागराची कोठी आहे, तिथं. दुपारची जेवणं झाली की भरते. सभा सुटली की सगळे इकडंच येतात. बोलून बोलून घसे सुकतात बिचाऱ्यांचे.” आणि त्याने करवंटी पुढे केली.

मी पाच घागरी ताडीकडे पाठ फिरवली. बरे, एका करवंटीकडे. पण ती काठोकाठ भरली होती.

कोठीत मिठाच्या गोण्यांवर वीस-पंचवीस जण बसले होते: कोळी, किरिस्ताव, सोनार, दोन ब्राह्मण. सगळे माझ्या ओळखीचे, कारण सगळे गुत्त्यावरचे. अध्यक्ष एक पेन्शनर मास्तर. त्यांचा नियम असा, की हातावर पाणी सोडून शपथ घ्यायची आणि सगळ्यांनी एकाच घागरीतले पाणी घ्यायचे. एकीची शपथ, एक घागर.

“मग सोडा पाणी!” मी हात पुढे केला.

“कोणाच्या घागरीतलं?” शेजारचा ब्राह्मण म्हणाला.

कोपऱ्यात चार घागरी होत्या. कोळ्याची ब्राह्मणांना चालेना, ब्राह्मणांची घागर किरिस्तावाने उचलली की ब्राह्मणांनाच चालेना, सोनाराची कोणालाच का चालेना ते सोनारालाही ठाऊक नव्हते. सात रविवार हाच वाद चालला होता. एकाचीही शपथ झाली नव्हती.

माझे डोके फिरले. “अहो, गेल्या महिन्यात गुत्त्यावर एकाच करवंटीला तुम्ही सगळ्यांनी तोंड लावलंत की! मी मोजत होतो!”

“ती ताडी होती,” ब्राह्मण गंभीरपणे म्हणाला. “हे पाणी आहे.”

तेवढ्यात एक म्हातारा कोळी उठला. “आरं, खारीचा पानी कोनाचाच नाय. चला तिकडं.”

मास्तरांना ते पटले. खाडी हीच घागर. वरात निघाली, आणि पाहतो तो ओहोटी! पाणी पार पलीकडे, मधे नुसता चिखल. भरतीपर्यंत थांबावे, तर माझी गाडी जाणार आणि पेटी माळ्यावर चढणार. मी धोतर खोचून उतरलो. चिखल गळ्यापर्यंत होता. कमरेपर्यंत म्हणा हवे तर, पण गुडघ्याच्या खाली मी यायचा नाही. मागून मास्तर, त्यांच्या मागून सगळी मंडळी. ओंजळीत खारे पाणी घेऊन आम्ही शपथ घेतली. मास्तरांनी चिठ्ठी काठावरच लिहून ठेवली होती. ती मला देताना त्यांचा पाय घसरला, ते माझ्यावर, मी चिठ्ठीवर.

आगगाडीत माझ्या बाकावर कोणी बसले नाही. कल्याणला पोहोचलो तेव्हा दिवे लागत होते.

सासरेबुवांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिले. “गटारात पडून आलात!”

मी सगळे सांगितले. घागरी, करवंटी, ओहोटी. जन्मात पहिल्यांदा तिखटमीठ न लावता सांगितले, आणि नेमके तेच कोणाला खरे वाटेना. चिठ्ठी म्हणून मी लगद्याचा गोळा पुढे केला.

“थापा!” असे म्हणून ते आत वळले आणि पेटीची कडी त्यांनी धरली.

तेव्हा माजघरातून बायको आली. वडिलांसमोर ती कधी माझ्यापुढे उभी राहिली नव्हती. अंगणात उतरून ती हातभर अंतरावर थांबली. “तोंड उघडायचं,” म्हणाली. मी उघडले. तिने वाकून एकदा वास घेतला, मग पुन्हा एकदा.

“हा चिखलाचा वास आहे,” ती म्हणाली. “पेटी खालीच राहू द्या.”