पितळेची पिन

हा अनुभव लिहावा की नाही, हे माझे कितीतरी दिवस ठरत नव्हते. यात आसराईची कृपा आहे तशी माझी चूकही आहे, आणि चूक लपवून कृपा सांगता येत नाही. एका भल्या माणसावर मी खोटा आळ घेतला होता, आणि तो मनात ठेवूनच रोज देवीपुढे हात जोडत होतो. त्या दिवसांत मला सारखे वाटायचे की ती माझ्याकडे बघतच नसेल. तेव्हा आधी चूक सांगतो.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात आमचे गाव धरणाच्या काठावर आहे. खरे म्हणजे जुने गाव धरणाच्या पोटात आहे. मी लहान असताना आम्ही सगळे उठून वर माळावर आलो. पलीकडच्या काठावर पंधरा-वीस घरांची वस्ती राहिली. त्यांच्या वाटेवरचा पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो, मग तीन-चार महिने त्यांचे येणे-जाणे नावेनेच. नाव मच्छीमार संस्थेची आणि ती चालवतो मी. नावेच्या मागे अडकवलेली मोटार दुसऱ्या कुठल्या तरी धरणावरून जुनीच आणलेली, माझ्या थोरल्या मुलापेक्षा वयाने मोठी. दोरी ओढून ती चालू करायची. लोक नावेत पाय ठेवताना आधी देवीचे नाव घेतात आणि मग त्या मोटारीकडे बघतात.

काठावर शेंदूर फासलेले सात दगड आहेत. त्या साती आसरा, पाण्याच्या देवता. साती मिळून आम्ही त्यांना एकच आसराई म्हणतो. तिच्या नावाने आमच्याकडे एक रीत आहे. बुडालेल्या गावावरून नाव जाताना मोटार बंद करायची. तिथे खाली देऊळ आहे, मसणवट आहे, मुसलमानांचे कब्रस्तानही आहे. आपल्याच आज्या-पणज्यांच्या डोक्यावरून आवाज करत जाऊ नये, म्हणून मोटार बंद करायची, हात जोडायचे, वल्हे मारत गाव ओलांडायचे आणि पुढे गेल्यावर पुन्हा दोरी ओढायची.

ही रीत मी मोडली. मोटार गरम असताना बंद केली की लवकर चालू होत नसे. मी वीस-वीस वेळा दोरी ओढायचो, खांदा भरून यायचा आणि नावेतले लोक हसायचे. एक म्हातारी तर म्हणायची, "बाप्पा, तिले थोडा चहा पाजा, मंग उठंल." एक दिवस मी बंद केलीच नाही. देवी समजून घेईल, असे मनाशी म्हटले. पण खाली बाभळीचे खुंट आहेत, पडक्या भिंती आहेत. मोटारीचा पाण्यातला पंखा त्यांना लागू लागला आणि पिना तुटू लागल्या. पंखा दांड्यावर एका लहानशा पितळी पिनेने अडकवलेला असतो. पंखा कुठे अडकला की ती पिन तुटते. मग मोटार नुसती ओरडते, नाव हलत नाही, पण आतले गिअर वाचते. मालेगावचे सलीमचाचा, विहिरीवरच्या मोटारी आणि फवारणीचे पंप दुरुस्त करणारे मिस्त्री, त्या पिना कानशीने घासून तयार करून देत. महिनाभरात तीन तुटल्या, तेव्हा चौथ्यासाठी मालेगावला जायचा मी कंटाळा केला. जाड लोखंडी खिळा कापला आणि पिनेच्या जागी ठोकला. तो काही तुटला नाही. माझ्या हुशारीचे मलाच कौतुक वाटले.

आषाढात पलीकडच्या वस्तीवरच्या बाया आसराईची पूजा करायला आल्या होत्या. त्यांना परत नेताना जुन्या गावावर पंखा एका खुंटाला जोरात बसला. खिळा तुटला नाही, म्हणून गिअरचे दात तुटले. वाऱ्याने नाव बाभळींच्या जाळीत नेऊन घातली. पोरे थर्माकोलचे तराफे घेऊन येईपर्यंत दोन तास त्या बाया लेकरांना पोटाशी धरून पावसात बसल्या होत्या. काठावर उतरल्यावर सगळ्यांनी मला घेरले. काय झाले, काय झाले. मी म्हणालो, "मिस्त्रीनं मांगच्या खेपेले जुनं गिअर घातलं असंल, अजून काय."

ते वाक्य माझ्या तोंडून किती सहज निघाले, याचीच मला आज भीती वाटते. घरी जायच्या आधी मी डब्यातले उरलेले खिळे पाण्यात फेकून दिले.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या लोकांनी चाचांना बोलावून घेतले. साठी ओलांडलेला माणूस, फटफटीवर अवजारांची पिशवी बांधून आला. सगळ्यांच्या देखत त्यांनी पंखा काढला आणि वाकलेला खिळा त्यांच्या हातात आला. मी समोरच उभा होतो. त्यांनी खिळा पाहिला, मग मला पाहिले. त्यांनी मूठ मिटली, खिळा खिशात टाकला आणि म्हणाले, "व्हय, माह्याकडूनच काही राह्यलं असंल. मी मोटार नेतो, करून देतो."

मी तेव्हा बोललो असतो तर ते जागच्या जागी संपले असते. बोललो नाही. आठ दिवसांनी मोटार आली आणि छान चालू लागली. पण गावात बोलले जाऊ लागले की मिस्त्रीचा हात आता राहिला नाही. सोयाबीनच्या फवारणीचे दिवस होते; आमच्या गावाचे सगळे पंप दरवर्षी त्यांच्याकडे जायचे, त्या वर्षी वाशीमला गेले. मी मालेगावच्या बाजारात गेलो की त्यांच्या दुकानावरून न जाता लांबच्या बोळातून जायचो. सकाळी आसराईपुढे उभा राहायचो तेव्हा तोंडात शब्द येत नसे. काय मागणार? मोटारीच्या झाकणाच्या आत दर दसऱ्याला मी देवीच्या शेंदराचे बोट ओढतो. तेही दोन महिन्यांत उघडून पाहिले नव्हते. पाणी चढल्यामुळे पंखा खुंटांना लागत नव्हता, मोटार नीट चालत होती, आणि उघडायची मला लाज वाटत होती.

भाद्रपदातल्या एका दुपारी पलीकडच्या काठावरून हाका आल्या. देवराव नावाचा वस्तीवरचा शेतकरी फवारताना शेतातच कोसळला होता. मी गेलो तेव्हा त्याला खाटेवर घालून काठापर्यंत आणले होते. अंग घामाने निथळत होते, तोंडातून फेस येत होता, हाक मारली तर ओ देत नव्हता. रुग्णवाहिका आमच्या काठावर येत होती. त्याला पाण्यापलीकडे नेणे एवढेच माझे काम होते. त्याची बायको शांताबाई त्याचे डोके मांडीवर घेऊन बसली. वारा चांगलाच सुटला होता.

जुने गाव जवळ आले तशी ती म्हणाली, "भाऊ, गाव आलं. मोटार बंद करा."

"बाई, बंद केली तं चालू नाई व्हायची. इकडं देवराव असा पडला, अन् तू मले रीत सांगून राह्यली."

"म्हणूनच तं सांगून राह्यली."

मी ऐकले नाही. तिचे बोलणे पुरते संपायच्या आत खालून धक्का बसला, मोटार किंचाळली आणि नाव जागीच थबकली. पिन गेली होती. मी मोटार बंद केली. एकदम सगळीकडे शांत झाले. नाव बरोबर बुडालेल्या गावावर उभी होती. शांताबाईने नवऱ्याच्या कपाळावरचा हात क्षणभर काढला, दोन्ही हात जोडले आणि हळूच म्हणाली, "तुमी नाई केली, तिनं केली."

माझ्याजवळ दुसरी पिन नव्हती. खिळेसुद्धा मीच पाण्यात टाकले होते. काठावर फोन केला, पण त्या वाऱ्यात तराफा पाण्यात घालणे शक्य नव्हते. एका वल्ह्याने मी जेवढा पुढे जायचो त्याहून जास्त वारा आम्हाला मागे, मोठ्या पाण्याकडे ढकलत होता. देवरावचा श्वास घरघरत होता. शांताबाई माझ्याकडे बघत होती, आणि ते मला सहन होईना. मी वल्हे खाली ठेवले. मनात म्हणालो, आई, खोटे मी बोललो, त्या चाचाचे नाव मी खराब केले, त्याची शिक्षा या माणसाला देऊ नको. पहिल्यांदाच मी तिच्यापुढे खरे बोललो. तिला हात लावावा म्हणून, शेंदराच्या त्या बोटाला स्पर्श करावा म्हणून, मी मोटारीचे झाकण काढले.

शेंदराच्या शेजारी, आतल्या बाजूला, तारेने बांधलेली प्लास्टिकची लहान पुडी होती. मी ती बांधली नव्हती. सोडली तर आत तीन पितळी पिना, नव्या, कानशीने घासलेल्या. आणि त्यांच्याबरोबर माझा तो वाकडा खिळा.

मग मोटार वर उचलली, पकडीने पंखा सोडवला. तुटलेल्या पिनेचा तुकडा दांड्याच्या भोकात अडकला होता. तो ठोकून काढायला काहीतरी टणक लागते. त्या पुडीत टणक असा तो खिळाच होता. त्याचे सरळ टोक लावून मी तुकडा बाहेर काढला, पिन घातली, पंखा बसवला. या सगळ्यात दहा-पंधरा मिनिटे गेली आणि तेवढ्यात मोटार निवली होती. दुसऱ्या ओढीला चालू झाली. मी काठाकडे निघालो. शांताबाई देवरावच्या कानात काहीतरी सांगत होती, कदाचित "आलं, आलं" असे.

देवराव पाच दिवस दवाखान्यात होता आणि आपल्या पायांनी घरी आला. डॉक्टरांनी औषधांनी वाचवला, हे मला मान्य आहे. देवीने मोटार थांबवली की खुंटाने, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. मला एवढेच माहीत आहे की मी हात जोडायला झाकण उघडले, आणि ज्याच्यावर मी आळ घेतला त्याच्या हातचे माझ्या हातात आले.

दुसऱ्याच दिवशी पुडी घेऊन मी सरळ रस्त्याने चाचांच्या दुकानात गेलो. ते एका पंपावर पाना फिरवत बसले होते. मी खिळा त्यांच्यापुढे ठेवला.

"कामी आला का?" त्यांनी मान वर न करता विचारले.

"चाचा, तुमी तवा काहून बोलले नाई?"

"बोलून काय करतो? पानी भरलेलं, पूल पान्याखाली, लोकं तुमाले नावेवरून उतरवते. मंग त्या वस्तीवाल्यायले कोन आनते?" मग पाना ठेवून ते हसले. "अन् मोटारीचा भरोसा नाई म्हनता तुमी सारे. मोटार जुनी हाय, झूठी नाई. पिन तुटली तं तुटली म्हनून सांगते. खिळा ठोकला का तिचं तोंड बंद."

मला रडू आले. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "गरम मोटारीले चोक देऊ नका. तुमी चोक ओढता म्हनून ती उठत नाई. दहा वेळा सांगतलं." म्हणजे ज्या अडचणीपायी मी रीत मोडली, ती अडचणसुद्धा माझीच होती.

पुढच्या अमावास्येला आसराईपुढे सगळे गाव जमले असताना मी खिळा हातात धरून सगळे सांगितले. नाव दुसऱ्याला द्या, असेही म्हणालो. आषाढात वस्तीवरची जी सून लेकरू घेऊन पावसात बसली होती, ती उठून निघून गेली. तिचे बरोबरच होते. शेवटी ती चहावाली म्हातारी म्हणाली, "नाव तूच चालव. पन आधी त्या मिस्त्रीले इथं आन, मानानं, नावेत बसवून."

चाचा आले. आयुष्यभर मोटारी दुरुस्त करणारा हा माणूस नावेत कधी बसलाच नव्हता, हे मला त्या दिवशी कळले. दोन्ही हातांनी फळी धरून म्हणाले, "मले पोहता येत नाई, समजलं का." लोक हसले, मीही हसलो. जुन्या गावावर आलो तशी मी मोटार बंद केली. बायांनी हात जोडले. चाचांनी फळी सोडली, दोन्ही तळवे उघडून वर धरले आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणाले. खालच्या कब्रस्तानात त्यांची आजी आहे, असे त्यांनी नंतर सांगितले.

मी वल्हे मारत गाव ओलांडले. माझ्यात इतकी वर्षे तो खिळाच होता, असे मला वाटते. कुठेही अडले तरी तुटायचे नाही, आणि आपल्या न तुटण्याने दुसऱ्यांचे काय मोडते ते बघायचेही नाही. आता रोज सकाळी आसराईपुढे उभा राहतो तेव्हा काही मागत नाही. जिथे तुटायला हवे तिथे मला तुटू दे, एवढेच म्हणतो.

पुढे गेल्यावर चाचा म्हणाले, "ओढा आता. चोक नका देऊ." मी चोक दिला नाही. पहिल्या ओढीला ती उठली नाही, दुसऱ्यालाही नाही. कोणी हसले नाही. मी थोडा थांबलो, तिला निवू दिले आणि पुन्हा दोरी हातात घेतली.