हेडफोनची डावी बाजू

हेडफोन खराब निघाला म्हणून मी उल्हासनगरला, कॅम्प पाचच्या दुकानात भांडायला गेलो, तेव्हा मला कळलं की माझा डावा कान गेला आहे.

साधारण २००६ची गोष्ट. त्याआधी मी गालफुगीने पडून होतो. चोविसाव्या वर्षी गालफुगी, त्यामुळे कंपनीतल्या पोरांचं ‘बाळाला टोपडं घाला रे’ वगैरे चिडवूनही झालं होतं. उठून बसता येताच मी कॉम्प्युटर लावला. कॉलेजपासून मी पाणबुडीचे गेम खेळत आलोय. महायुद्धातली पाणबुडी, समोर अटलांटिक आणि आपण कप्तान. मित्रांना माझा गेम म्हणजे शिक्षा वाटायची, कारण त्यात तासन्‌तास काही घडतच नाही. बुडी मारायची, इंजिन मंद करायचं आणि हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, कान देऊन बसायचं. लांबच्या जहाजाच्या पंख्याची धडधड आली की ते कुठल्या दिशेला आहे ते शोधायचं. मला नेमकं हेच आवडायचं. त्या दिवशी मात्र डाव्या बाजूला काहीच वाजेना.

दुकानदार सिंधी काका होते. “साईं, माल एकदम ओके आहे,” म्हणत त्यांनी दुसरा हेडफोन दिला. तोही तसाच. “सगळा लॉटच भंगार उचललाय तुम्ही!” मी आवाज चढवला. तिसरा त्यांनी आधी स्वतः लावून पाहिला आणि मग माझ्या डोक्यावर उलटा घातला, डावी बाजू उजव्या कानाला.

“अभी बोल, बजता है?”

वाजत होता. ज्या बाजूवरून मी भांडत होतो, तीच बाजू खणखणीत वाजत होती.

“हेडफोन ठीक आहे, बेटा,” ते एकदम मऊ आवाजात म्हणाले. त्या मऊ आवाजाचाच मला जास्त राग आला.

अंबरनाथच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, गालफुगीने नस गेली, आता परत येणार नाही. घरी मी सांगितलं, मळ साचलाय, निघेल. घाबरलो होतो, दुसरं काही नाही. आमच्या हेंद्रेपाड्यात रस्त्यावर कुणी हाक मारली की मी भलतीकडेच बघायचो. हॉर्न ऐकू यायचा, पण रिक्षा मागून येतेय की बाजूने, पत्ता लागायचा नाही. वाटलं, आपण कामातून गेलो. आता जन्मभर लोकांच्या तोंडाकडे बघत बसायचं.

मग माझं डोकंच फिरलं. ठरवलं, गेममधल्या सगळ्या मदती बंद. नकाशावर जहाजं दिसायला नकोत, दिशा सांगणारा खलाशी नको. एकट्या उजव्या कानाने जहाज शोधायचं आणि बुडवायचं. हे जमलं तर बाकीचंही जमेल, आणि जमेपर्यंत सोडायचं नाही.

किती तरी रविवार हात हलवत परत आलो. एकदा तर शत्रूच्या युद्धनौकेच्या पुढ्यातच वर निघालो. आई म्हणायची, “कान बरा नाही ना, मग कशाला ते घालून बसतोस?” मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. ते आता सोपंही झालं होतं.

घोळ माझ्या घाईत होता. आवाज मोठा झाला की मी तिथेच थांबायचो. खरं तर त्या यंत्राला दोन कान लागतच नाहीत. त्याचं दिशा बदलणारं चाक फिरवत राहायचं, आवाज वाढू द्यायचा, पुरता उतरू द्यायचा, मग तसंच मागे यायचं. दोन्ही उतारांच्या मधोमध जहाज असतं. रस्त्यावरही मी तेच करू लागलो. हाक आली की मान सावकाश इकडून तिकडे फिरवायची. लोकांना वाटलं, याला माज आलाय. वाटू दे म्हटलं.

आणि एका रविवारी सकाळी जमलं. कागदावर दिशेच्या रेघा मारत मी वाट अडवून बसलो, पेरिस्कोप वर काढला, तर मालवाहू जहाज अगदी समोर. टॉर्पेडो लागल्याचा दणका उजव्या कानात बसला आणि मला रडूच आलं. गेममध्ये इतका आनंद मला आधीही झाला नव्हता, नंतरही नाही.

तसाच उठून बाहेर गेलो. पप्पा विहारातून येऊन पेपर वाचत बसले होते. मी हळूच म्हटलं, “पप्पा, माझा डावा कान गेलाय.”

“काय?”

“डावा कान.”

“अरे, नीट बोल ना!”

“माझा डावा कान गेलाय! कायमचा!” मी ओरडलो. अख्ख्या मजल्याने ऐकलं असेल.

पप्पांनी पेपर खाली ठेवला. “माझे दोन्ही निम्मे गेलेत,” ते म्हणाले. “फॅक्टरीत, प्रेस मशीनवर. तुझ्या आईला बोललो नाही कधी.” पण हळू बोलणं त्यांना कुठे जमत होतं! आई पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आली. माझ्या डाव्या बाजूला उभी राहून काहीतरी पुटपुटली. मला काही कळलं नाही, पप्पांना तर नाहीच.

पप्पा उठले. तिचा दंड धरून तिला माझ्या उजव्या बाजूला आणलं, स्वतःही जवळ सरकले आणि म्हणाले, “हां, आता बोल.”