काचेखालचा हात

मामा गेल्याचा निरोप आला तेव्हा माझे दोन्ही हात खळीने बरबटलेले होते. नगरला आमच्या संघटनेची खोली पिठाच्या गिरणीच्या वर आहे आणि फोन खालच्या औषधाच्या दुकानात. दुकानदाराने जिन्यातूनच हाक दिली, "ताई, देवळालीहून फोन होता. तुमचे मामा सकाळी वारले." मी मोर्च्याच्या फलकावर कागद चिकटवत होते. तो पुरा चिकटवला, कोपरे दाबले, आणि मग खाली बसले. सकाळचा चहा पिऊन मामा स्टुडिओतल्या खुर्चीत टेकले, कप टेबलावर ठेवला आणि मान पुढे गेली, एवढंच मामीने नंतर सांगितलं. फाल्गुन लागून आठ-दहा दिवस झाले होते. पट्टा पडायला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून ऊसतोडीच्या टोळ्या गाड्या भरून गावाकडे निघायला, अजून महिना होता.

स्थानिक पेपरात तीन ओळी आल्या. देवळाली प्रवऱ्याचे जुने छायाचित्रकार, हसतमुख, मनमिळाऊ. कोणी लिहिल्या माहीत नाही, पण शेवटच्या चार वर्षांत त्या माणसाने मामांच्या तोंडाकडे पाहिलेलं नसणार. मामा हसतमुख राहिले नव्हते, आणि त्याला कारण मी आहे. मेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची पद्धत आहे, मला ती जमत नाही. मी पत्रकं लिहिते. जे झालं ते सांगते.

गंगाराममामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. बाजारपेठेच्या टोकाला त्यांचा स्टुडिओ. पुढे काच टाकलेलं टेबल, मागे पडदा, त्याच्या मागे डार्करूम. लग्नाचे फोटो, शाळेच्या फॉर्मवर लावायचे फोटो, यावर घर चाले. पण त्यांचं खरं काम फाल्गुनात सुरू व्हायचं. दोन भिंगांचा, वरून डोकावून बघायचा कॅमेरा गळ्यात, सायकलच्या हँडलला पिशवी, आणि पिशवीत एक गोल आरसा, कंगवा, खोबरेल तेलाची बाटली, ओला रुमाल. अशी स्वारी टोळ्यांच्या तळावर निघायची. पाथर्डीकडची माणसं पाच-सहा महिने उसाच्या पाचटाच्या कोपीत, झोपडीत राहून इथला ऊस तोडतात, आणि निघायच्या आधी घरच्या भिंतीवर लावायला प्रत्येकाला एक कुटुंबाचा फोटो हवा असतो. तो मामा काढायचे. त्यांची एकच अट असायची, "आधी पोरान्ला खाऊ घाला. भुकेलं तोंड फोटूत लपत न्हाई." नुसतं बोलून थांबायचे नाहीत. कालव्याकडेच्या त्यांच्या अर्ध्या एकरात ते हरभरा मुद्दाम उशिरा पेरायचे. शेजाऱ्यांचा हरभरा वाळून काढणीला यायचा तेव्हा मामांचा हिरवागार असायचा. मामी दरवर्षी चिडायची, "रानाला काय खूळ लागलंय का तुमाला?" त्या हरभऱ्याचे डहाळे सायकलच्या कॅरिअरला बांधून ते तळावर न्यायचे. तिथे पाचटाचा जाळ करून त्या हिरव्या डहाळ्यांचा हुळा भाजायचा. राखेतून घाटे वेचायचे, सोलायचे, खायचे... आणि पोरांची तोंडं, हात, नाकाचे शेंडे सगळं काळंकुट्ट.

मी लहानपणी अनेकदा त्यांच्याबरोबर गेले आहे, म्हणून मला ते सगळं दिसतं. खाणं झालं की मामा एकेकाला पुढे बसवून ओल्या रुमालाने तोंड पुसायचे, केसांना तेल लावून भांग पाडायचे आणि आरसा हातात द्यायचे. "बघ. ह्यो कोन साहेब आलाय?" एखादं पोर कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत डोकावून विचारायचं, "मामा, ह्या पेटीत कोन बसलंय?" "तुजी आजी. हालू नको, न्हाईतर वरडंल." बायाही मागे हटायच्या नाहीत. सुमनबाई नावाची एक होती, जीभ कोयत्यासारखी. नवऱ्याला पुढे ढकलून म्हणायची, "मामा, आमच्या मालकाला जरा गोरं काढा." मामा भिंगातून मान वर न करता म्हणायचे, "त्याला गोरा कराया डेअरी आनावी लागंल बाई." सगळा तळ हसायचा. तिचा नवरासुद्धा.

चार वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात मी बावीस वर्षांची होते आणि जगातलं सगळं मला कळलेलं होतं. ऊसतोड्यांच्या मुलांसाठी तळावर शाळा हवी, ही आमची मागणी. त्यासाठी मी पत्रक लिहिलं होतं. मजकूर चांगला झाला होता. आजही त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही. पत्रकाला फक्त एक फोटो हवा होता. मी देवळालीला आले, तेव्हा मामा डार्करूममध्ये होते आणि आदल्या दिवशीचे फोटो बाहेर दोरीला चिमट्यांनी लटकत होते. सगळे नेहमीसारखे, तेल लावून बसलेले, ताठ. त्यातला एकच वेगळा होता. आधीच्या रोलमधला शेवटचा फोटो उरला म्हणून मामांनी तोंडं पुसायच्या आधीच तो काढला असावा. सुमनबाईची नऊ वर्षांची मंदा, गुडघ्यात अंगाची जुडी करून बसलेली, ओठांपासून गालापर्यंत काजळी, धुराने डोळे बारीक झालेले. तिच्या पायाशी हुळ्याचा ढीग. आणि उजव्या कडेने आत आलेला तिच्या आईचा हात, त्यात पदराचं ओलं टोक, मंदाच्या गालापाशी.

मी तो फोटो उतरवला आणि मामांच्या टेबलावर, मामांच्याच कात्रीने कापला. आधी खालचा हुळा गेला. मग उजवीकडची दोन बोटं रुंदीची पट्टी... हात गेला. उरली ती एक काळवंडलेली, डोळे मिटत आलेली, जगात कोणी नसलेली मुलगी. मला हवी होती तशी.

मामा बाहेर आले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, मग जमिनीवर पडलेल्या पट्टीकडे.

"संगे, ही काजळी हुळ्याची हाय."

"मला माहीत आहे मामा. पण तिला शाळा नाही हे खरं आहे ना?"

"खरं हाय की. मग तसं लिव्ह. ह्यात तिची आई कुठंय?"

"आई दिसली की लोक म्हणतात, बरं चाललंय यांचं. लोकांना चटका बसायला हवा."

त्यांनी कात्री उचलून खणात ठेवली. मग एवढंच विचारलं, "सुमनबाईला इचारलंस का?"

"उद्या विचारते," मी म्हणाले.

विचारलं नाही. छापखान्याची घाई होती, हे मी पुढे अनेकांना सांगितलं. घाई नव्हती. ती नाही म्हणेल याची भीती होती. मामा वाकले, जमिनीवरची पट्टी उचलली आणि टेबलाच्या काचेखाली सरकवली. मला वाटलं, टोमणा मारताहेत.

पत्रक गाजलं. "कारखान्याला साखर, हिला काय?" असा मथळा आणि खाली मंदा. कारखान्याच्या फाटकावर वाटलं, बाजारात वाटलं, एका पेपरने फोटो उचलून छापला. मला शाबासक्या मिळाल्या. आणि वाटून उरलेल्या पत्रकांचं जे होतं तेच झालं, गठ्ठा रद्दीत गेला. आठवड्याच्या बाजारात सुमनबाईने पोरांना भजी घेतली. कोपीवर येऊन पुडी सोडली, तर आत तिची मुलगी. तेलाने पारदर्शक झालेली, भिकारणीसारखी.

ती तो कागद घेऊन स्टुडिओत आली. मी तिथे नव्हते, मामीने सांगितलं. सुमनबाईने कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मामा, तुमी आमाला पुसून फोटू काढायचं म्हनून आमी बसायचो. हे कवा काढलं? आमी आमच्या लेकराचं तोंड पुसत न्हाई व्हय?" मामांनी माझं नाव घेतलं नाही. माझ्या भाचीने केलं, एवढं म्हटलं असतं तर सुटले असते. म्हणाले, "चुकलं बाई." त्यांनी संपूर्ण फोटो पुन्हा करून पाकिटात घालून तळावर नेला. तिने पाकीट उघडलंही नाही.

पुढच्या फाल्गुनात तीच टोळी आली. मामा आरसा-कंगवा आणि हरभऱ्याचे डहाळे घेऊन तळावर गेले. बायांनी पोरांना आत बोलावलं आणि कोपीच्या तोंडावर चटया ओढून घेतल्या. मामांनी डहाळे तिथेच ठेवले आणि सायकल वळवली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढेही. हरभरा मात्र ते उशिराच पेरत राहिले. मामी म्हणायची, "आता खानार कोन?" तर बियाणं घेऊन रानाकडे निघायचे. फोटोचा धंदा लग्नांवर चालूच होता. लोकांना वाटायचं, वयामुळे बोलणं कमी झालंय.

त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि तीसुद्धा दरवर्षी. "तू जा. तिला सांग, फोटू तू कापलास. माझं म्हननं ती ऐकंल, पन तिला खरं वाटनार न्हाई. तुझं वाटंल." मी दरवर्षी हो म्हटलं. एकदा तर त्यांच्याशी भांडले, "मामा, हजारो मुलांचा प्रश्न आहे, तुम्ही एका फोटोला धरून बसलाय!" ते म्हणाले, "हजार पोरं मला दिसत न्हाईत गं. मला मंदी दिसती." तेव्हा मला हा बावळटपणा वाटला. मी मनात त्याला नावही दिलं होतं, पत्रकातलंच एक नाव. आता ते लिहायची लाज वाटते.

शेवटची भेट संक्रांतीनंतरची. मी घाईत होते. त्यांनी टेबलाच्या खणातून ते पाकीट काढून दाखवलं. वर त्यांच्या वळणदार अक्षरात 'मंदा, आई सुमन, हाती देणे.' कडा झिजल्या होत्या, तीन वर्षं सायकलवर हिंडलेलं पाकीट. "ह्या वर्साला जाऊ की दोघं," ते म्हणाले. "पट्टा पडायच्या आत." मी म्हणाले, "नक्की." बाहेर माझी एसटी लागली होती...

दहाव्याला मी मामीकडून पाकीट मागून घेतलं. कालव्याकडेच्या रानात हरभरा बराचसा वाळला होता, बांधाच्या सावलीतला तेवढा हिरवा होता. तो उपटला, मामांच्या सायकलला बांधला आणि तळावर गेले. माझ्या भाषणांना हजार माणसं असतात, तेव्हा काय बोलायचं ते आधी ठरवावं लागत नाही. त्या दिवशी वाटभर एकच वाक्य घोकत होते.

सुमनबाई कोपीपुढे चुलीशी भाकरी थापत होती. मी कोण ते सांगितलं. फोटो मी कापला, मामांनी नाही, तुम्हाला विचारायला सांगितलं होतं तेही मी केलं नाही, हेही सांगितलं. तिने भाकरी उलटली, फुगेपर्यंत थांबली, टोपलीत टाकली. मग म्हणाली, "तुज्याशी मला बोलायचं न्हाई. मामा का न्हाई आलं औंदा?"

त्यांना कळलंच नव्हतं. मी सांगितलं. तिचा हात पिठात तसाच थांबला. "आन मी चटई वडून घेतली हुती," ती म्हणाली. माझ्याकडे बघून नाही, चुलीकडे बघून.

मंदा मागे उभी होती. तेरा वर्षांची, हातात कोयता, अंगावर बापाचा जुना शर्ट. शाळा नाहीच. माझ्या पत्रकाने तिला एक दिवसही शाळेत बसवलं नाही, हे त्या पत्रकाच्या लेखिकेने इथे नोंदवून ठेवलेलं बरं. तिने कोयता खाली ठेवला, पाकीट घेतलं, उघडलं. बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं रडेल किंवा माझ्या तोंडावर फेकेल. ती आईला म्हणाली, "आये, ह्यो बघ तुजा हात." मग माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "त्या कागदावर हुळा नव्हताच. त्या दिशी लई ग्वाड लागला हुता."

लहान पोरांनी तोवर सायकलचे डहाळे सोडून जाळ केला होता. मला कोणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. सुमनबाईने फोटो हातात घेतला नाही. पत्र्याच्या पेटीकडे मान केली आणि मंदाला म्हणाली, "लुगड्याच्या घडीत ठिव, चुरगळंल." तेवढ्यावर मी परत आले.

गेल्या आठवड्यात मामी आणि मी स्टुडिओ आवरला. गाळा सोडायचा आहे. आरसा आणि कंगवा मामीने घरी नेले. कंगव्याच्या दातांत तेलकट बारीक केस अडकलेले आहेत, कुठल्या सालचे आणि कुणाच्या पोरांचे कोण जाणे, ते तिने काढले नाहीत. टेबलाची काच उचलली. खालून नवरानवरींचे, शाळकरी पोरांचे फोटो एकेक करून सुटले. ती पट्टी सुटेना. चार पावसाळे गेले, फोटोचा लेप काचेला चिकटून बसला होता. मामीने कडेला नख लावलं, तसा पांढरा तुकडा निघायला लागला.

"ओली करून बघू का?"

"नको मामी. फाटेल."

तिने काच पुन्हा सरळ ठेवली. वर धुळीचा थर होता. मामीने पदराचं टोक पाण्यात बुडवलं, पिळलं आणि त्या हाताच्या वरून काच पुसायला लागली, हळूहळू, गोल गोल. काचेखाली एखाद्या पोराचा गाल असावा तशी.