कमलची वाकडी सुई

चिंध्या ठेवाले पेटी लागते. किस्से ठेवाले काहीच लागत नाही, म्हणून ते लय साचतात. दुपारचं जेवण झालं का अकोटात माह्या ओसरीवर आमी तिघी गोधड्या शिवाले बसत होतो. मी, रझियाबी न कमल. आता दोघीच बसतो. कमल गेली तवा तिची गोधडी अर्धीच होती, सुई खोसल्याची खोसलेली. ती सुई कोणं काढाची, यातच आमचा सारा पावसाळा गेला.

*

सुयांचं सांगतो. माह्या सुनेनं अमरावतीहून नव्या सुयांचं पाकीट आणलं. चमचम करे! लुगड्याचे दोन पदर, मंधात धोतर, त्यात पहिलीच सुई कट्कन मोडली. दुसरी बी गेली. लेकरांच्या पायात जाऊ नये म्हणून रझियाबीनं तुकडे औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकले न म्हणे, "सूनबाई, सुया आणल्या का शेवया?"

*

कमलची सुई जुनी. वापरून वापरून तिच्या बोटासारखी वाकली होती. एकदा रझियाबीनं ती घेऊन पाह्यली, तं टाके निंघाले वावराच्या वाटेनं.

"कमल, तुही सुई गुलाबरावासारखी हाये. दुसऱ्या कोणाचं आयकत नाही."

"माहं तरी कुठं आयकते," कमल म्हणे. "हात धरून चालवा लागते."

गुलाबराव म्हंजे तिचा नवरा. एस्टी स्टँडजवळ केळ्याची गाडी लावते. डोक्यावर टोपी, न टोपीखाली वाळल्या गवतासारखे केस. तेलाची बाटली दिसली का हा माणूस घराबाहीर! कमल जनमभर त्याच्या मांगं लागली, पण थेंब लावू दिला नाही.

*

उठाच्या आंधी तिघींनी आपापली सुई दाखवाची, असा आमचा नेम. एक दिवस कमलची सापडेना. गोधड्या झटकल्या, चटई झाडली. तेवढ्यात गुलाबराव आला न टेकला, तसाच वरडत उभा झाला.

कमल धावत आली न म्हणे, "मोडली तं नाही न?"

*

पावसाळ्यात साऱ्यांच्या सुया गंजत, तिची नाही. दोन-चार टाके झाले का ती सुई केसातून फिरवे. केसाचं तेल सुईले लागे. न घरी रोज एक टाका तरी घाले, सणवार असो का ताप असो. म्हणे, बसून राह्यली का गंजते.

मंग तिले ते दुखणं झालं. अकोल्याले दवाखान्यात इलाज चालू झाला न सारे केस गेले. तरी ती ओसरीवर आली. चार टाके घातले, सवयीनं सुई डोक्याकडे नेली, न हात तिथंच थांबला.

रझियाबीनं आपला पदर मांगं सारला, डोकं तिच्यापुढं वाकवलं.

"घे. माह्या केसात तेल लय झालं हाये."

त्या दिवशी कमलनं तीन ओळी घातल्या. मंग ती आली नाही.

*

तेरवी झाल्यावर आमी गोधडी मांगाले गेलो. अर्धी गोधडी घरात ठेवू नये. गुलाबराव म्हणे, "राहू द्या." पाऊस लागला, पुन्हा गेलो. पुन्हा तेच.

पोळा झाल्यावर मी रझियाबीले म्हणलं, आता तं ती सुई गंजून कपड्यात चिकटली असन. रझियाबीनं पिशवीत नवी जाड सुई घेतली. या खेपेले गुलाबराव नाही म्हणला नाही. गोधडी आणून पुढ्यात ठेवली.

सुई लखलखीत होती.

कमलचे टाके तांदळाच्या दाण्यावाणी. ते संपले तिथून पुढं दुसरेच टाके होते. मोठे, वाकडे, कुठं दोनदा घातलेले. दोन ओळी भरल्या होत्या, तिसरी चालू होती.

रझियाबीनं नवी सुई पिशवीतून काढलीच नाही. तिनं इचारलं, "भाऊ, पण गंजली कशी नाही?"

गुलाबरावानं टोपी काढली. केस तेलानं चपचपीत होते.