सहज विचारते

ती कधी बेल वाजवत नसे. स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन बोटातल्या अंगठीने काचेवर दोनदा टकटक करायची आणि मी वर पाहिलं की तिथूनच म्हणायची, "सहज विचारते हं." त्यानंतर जे काही यायचं ते सहज कधीच नसायचं. भाडं किती देता? दुसरं मूल का नाही? सासूशी पटतं का? डच माणसं स्पष्टवक्ती असतात हे तुम्ही ऐकलं असेल. आमच्या समोरच्या शेजारणीने त्यात पदवी घेतली होती.

वयाने ती साठीच्या आसपास होती, पण तिला अहो-जाहोची सवय नव्हती, म्हणून मीही 'ती'च म्हणते. बोलणं आमचं इंग्रजी आणि डचच्या खिचडीत चालायचं.

पोटासाठीही ती हेच करायची. एका पत्त्यावर जितक्या माणसांची नोंद आहे तितकीच तिथे राहतात का, हे घरोघर जाऊन पाहायचं, हे तिचं नगरपालिकेतलं काम. आमचं गाव ॲमस्टरडॅमजवळच्या हूफडॉर्पहून बसने अर्ध्या तासावर. नाव लिहीत नाही, कारण यातली काही माणसं अजून तिथे मानाने फिरतात.

आमची ओळखही तपासणीतच झाली. सासू-सासरे तीन महिन्यांसाठी आले होते. दारातले चपलांचे नऊ जोड पाहून कुणीतरी नगरपालिकेला कळवलं, आणि ही फाइल घेऊन हजर. चपलांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. सरळ न्हाणीघरात गेली आणि म्हणाली, "माणसं पाच सांगता. मग ब्रश तीनच कसे?"

मी समजावत होते तोवर सासऱ्यांनी वाटीतली कवळी उचलून तिच्या नाकासमोर धरली. सासूबाईंनी दंतमंजनाची डबी उघडून बोटाने दात घासून दाखवले. तिने ते सगळं गंभीरपणे फॉर्मवर लिहून घेतलं आणि मग जी हसत सुटली, ती बेसनाचा लाडू हातात पडेपर्यंत थांबली नाही.

"चपला खोटं बोलतात," लाडू खाता खाता ती मला म्हणाली. "पाहुण्यांच्या असतात, जुन्या असतात. दात घासायचा ब्रश मात्र ज्याचा त्याचाच असतो."

पुढच्या आठवड्यात तिने आम्हाला कॉफीला बोलावलं. इथल्या घरांत वाढदिवसांचं कॅलेंडर असतं. त्यात वार नसतो, साल नसतं, नुसत्या तारखा आणि त्यांच्यापुढे नावं. जन्मभर तेच पुरतं. ते टांगतात संडासात, म्हणजे रोज नजर पडते. सासूबाई तिथून बाहेर आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. "अगं, आपल्या सईचं नाव तिथे लिहिलंय. संडासात!" आमच्या मुलीची जन्मतारीख तिने फाइलमधून पाठ केली होती. जिला कुणी नातवंडं नाहीत अशा बाईच्या कॅलेंडरात आमचं अख्खं घर शिरलं होतं. पुढे सासूबाईंच्या वाढदिवसाला पुण्याला तिचं कार्ड न चुकता जायचं, आणि त्या ते देवघराशेजारी ठेवायच्या.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक कोपऱ्याचं घर होतं. नोंद दोघांची, एक नवरा-बायको. तिथे ती एकदा तपासणीला गेली आणि संध्याकाळी माझ्या ओट्याशी येऊन उभी राहिली. त्या दिवशी तिने काही विचारलं नाही.

"न्हाणीघरात सात ब्रश होते," ती म्हणाली. "त्यातले पाच लहान मुलांचे. घरात मूल एकही दिसलं नाही. माणूस म्हणतो, भाचरं सुट्टीला आली होती, विसरून गेली."

"असेल तसंही."

"पाचही ब्रश ओले होते."

तिने अहवाल लिहिला. तो साहेबांच्या टेबलावर राहिला. तिने दुसरा लिहिला. ते घर ज्याच्या मालकीचं होतं त्याची गावात आणखी डझनभर घरं होती, आणि नगरपालिकेतला एक मोठा पदाधिकारी उन्हाळ्यात त्याच्याच बोटीवर सुट्टी घालवायचा. हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. तिसऱ्या अहवालानंतर तिला बोलावून सांगितलं, की तू परदेशी कुटुंबांना त्रास देतेस अशी तक्रार आहे. तिची बदली पासपोर्टच्या खिडकीवर झाली. लोकांचे फोटो नियमात बसतात की नाही ते बघत ती दिवसभर बसू लागली.

आता मला माझं सांगायला हवं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मी सुपरमार्केटमध्ये अंडी घेत होते. शेजारी एक दहा-अकरा वर्षांची मुलगी येऊन उभी राहिली. एवढ्या थंडीत पायांत नुसत्या रबरी स्लिपर. माझ्या कपाळावरची टिकली बघून तिने हळूच विचारलं, "दीदी, ये कौनसा शहर है?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यातला तो घशातून काढायचा आवाज मला सात वर्षांत जमला नव्हता. तिने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं, आणि दुसऱ्यांदा माझ्यापेक्षा बरं म्हटलं. तेवढ्यात एक बाई आली आणि तिला दंडाला धरून घेऊन गेली. बाहेर पडल्यावर त्या दोघी कोपऱ्याच्या घराकडे वळलेल्या मी पाहिल्या.

आपण कुठल्या गावात राहतो हे ज्या लेकराला माहीत नाही, त्याच्याबद्दल काय समजायचं ते कळायला शहाणपण लागत नाही. मला कळलं होतं. मी घरी आले आणि ऑम्लेट केलं.

दोन दिवसांनी काचेवर टकटक झाली.

"सहज विचारते हं. त्या घरातलं एखादं मूल तू कधी पाहिलंस? माझ्याकडे फक्त ब्रश आहेत. मूल पाहिल्याचं एका माणसाने लिहून दिलं, तर मी ते घेऊन थेट पोलिसांकडे जाईन. ऑफिसला मध्ये घ्यायचंच नाही."

आमचा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा त्याच नगरपालिकेत पडलेला होता. आदल्याच रात्री जेवताना मिलिंद, म्हणजे माझा नवरा, म्हणाला होता, "आपण कशाला दुसऱ्याच्या भानगडीत पडायचं? अर्ज निघू दे आधी." त्याचं नाव पुढे करते आहे, पण तोंड माझंच होतं.

"नाही गं," मी म्हणाले. "लक्षात नाही."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरं. सहज विचारलं." आणि रस्ता ओलांडून गेली.

तीन आठवड्यांनी पोलीस आले, दुसऱ्याच शहरात मुलं पळवणाऱ्या टोळीतलं कुणीतरी पकडलं गेलं म्हणून. कोपऱ्याचं घर रिकामं होतं. आत गाद्या होत्या, मुलं नव्हती. ती सीमेपलीकडे नेली असावीत एवढंच पेपरात आलं. दोन देशांत मिळून बरीच माणसं आत गेली. बोटीवरच्या पदाधिकाऱ्याने प्रकृतीच्या कारणावरून राजीनामा दिला, त्याला निरोपाचा समारंभही झाला. आमचं नागरिकत्व जानेवारीत मंजूर झालं. समारंभात केक होता. माझा तुकडा मी बशीत तसाच ठेवून निघाले.

त्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. अंडी, स्लिपर, प्रश्न, माझं 'नाही'. ती रागावेल, हाकलून देईल, निदान रडेल असं मला वाटलं होतं, खरं तर तसंच व्हावं असं वाटत होतं. तिने कॉफीचा कप खाली ठेवला आणि ती म्हणाली, "तू 'नाही' म्हणालीस तेव्हाच मला कळलं होतं. तीस वर्षं मी लोकांचं 'नाही' ऐकतेय."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुझ्या सहीशिवाय त्याला किंमत नव्हती." मग तिनेच विचारलं, "गावाचं नाव तिला नीट सांगितलंस?"

"हो."

"तिने परत म्हटलं?"

"दोनदा."

"मग तिला ते येतं," ती म्हणाली आणि उठून एक वही घेऊन आली.

पोलिसांकडे माझा जबाब तिने दुसऱ्याच दिवशी नोंदवायला लावला. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. बुधवारी तिला सुट्टी असे. दर बुधवारी सकाळी ती फोन घेऊन बसायची. आधी सीमेवरचं मास्ट्रिख्ट, मग बेल्जियम, जर्मनी, जिथे जिथे अशी सुटून आलेली मुलं ठेवतात तिथे. "सहज विचारते हं, तुमच्याकडची एखादी मुलगी आमच्या गावाचं नाव घेते का?" माहिती देता येत नाही म्हणून बहुतेक जण फोन ठेवायचे. काही जण नीट बोलायचे. तिच्या वहीत त्यांच्यापुढे चांदणी असायची. हिंदीत बोलायची वेळ आलीच तर असावं म्हणून मी शेजारी बसायचे. तशी वेळ आली नाही.

पुढच्या नोव्हेंबरात मी तिच्या संडासात गेले, तर कॅलेंडरात त्या तारखेला, म्हणजे मी अंडी घेत होते त्या तारखेला, पेन्सिलने लिहिलं होतं: 'मुलगी'. पुढे अकरा लिहून खोडलेलं, बाजूला बारा. खरी जन्मतारीख माहीत नव्हती, म्हणून तिने ती एकच ठाऊक असलेली तारीख धरली होती. मी तिथेच दार लावून रडले. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "पोट बिघडलंय का? सहज विचारते." मी हो म्हणाले.

गेल्या वर्षी तिला कॅन्सर निघाला. लाडू खाववत नव्हता तरी हातात धरून बसायची. मार्चमध्ये ती गेली. शेवटच्या आठवड्यातला बुधवारही तिने चुकवला नाही. मी फोन लावून तिच्या कानाशी धरला होता.

एप्रिलात आमची बेल वाजली. बेलचा तो आवाज मी जवळजवळ विसरलेच होते. दारात तिचा भाऊ होता. त्याने वही दिली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कॅलेंडर दिलं. "हे तुम्हाला द्यायला सांगितलं होतं. का ते मला माहीत नाही."

कॅलेंडर आता आमच्या संडासात आहे. फोनवर सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "राहू दे तिथेच." नोव्हेंबरात मी तेराचा आकडा खोडून चौदा लिहिला. 'मुलगी' या शब्दाच्या आधी तिने बोटभर जागा मोकळी सोडलेली आहे.

बुधवारी मी वहीतला चांदणीचा एक नंबर लावला. "सहज विचारते हं," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. पलीकडची बाई भली होती, तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बघते मी. मुलीचं नाव काय?"

ते मी विचारलं नव्हतं.