निबंधाच्या शेवटची माफी

इंग्रजी निबंधाच्या शेवटी माफी मागायची नसते. एवढी एक गोष्ट शिकवण्यात माझे कुडाळातले कितीतरी रविवार गेले. अजून जातील, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी स्टेशनच्या वाटेवरच्या एका क्लासमध्ये मोठ्या माणसांना इंग्रजी निबंध शिकवते. परदेशात नोकरीला किंवा शिकायला जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्यात निबंध असतो. 'माझा आवडता ऋतू' छापाचा नव्हे. ते एक प्रश्न देतात आणि तुमचं मत विचारतात. पहिल्याच परिच्छेदात मत सांगून टाकायचं, मग कारणं द्यायची, समोरच्याचं म्हणणं मांडायचं, त्याला उत्तर द्यायचं, शेवटी आपलं मत पुन्हा ठासून सांगायचं आणि थांबायचं.

हे थांबणंच आमच्या लोकांना जमत नाही. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. नारळ ठेवून गावचा मानकरी सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो. आधी सगळ्या देवांना हाका, मग कोण आलंय, कुठून आलंय, मग हळूच मूळ मागणं, आणि शेवटी 'काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल'. दर वाक्याला लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. हे पाळण्यात असल्यापासून कानावर पडलेलं. मग माझ्याकडे आलेला गडी निबंधही तसाच लिहितो. आधी सगळ्यांना नमस्कार, मत कुठेतरी तिसऱ्या परिच्छेदात लपवलेलं, आणि शेवटी 'हे माझे लहान तोंडचे विचार आहेत, चूक झाली असल्यास मोठ्यांनी क्षमा करावी'. मालवण बंदरातला एक मुसलमान बोटमेकॅनिक माझ्याकडे येत होता. तो काही देवळात जाणारा नव्हे, पण माफी त्याच्याही निबंधात होतीच. इथल्या पाण्यातच आहे म्हणायचं.

त्यात ती आली. इन्सुली गावाच्या बाजूची सून, सावंतवाडीत एका दवाखान्यात नर्स. परदेशातल्या एका वृद्धाश्रमाने तिला नोकरी देऊ केली होती. परीक्षेत बोलणं, ऐकणं, वाचणं सगळं झकास, फक्त निबंधात आपटली होती. आता पुन्हा बसायचं होतं, आणि यावेळी जमलं नाही तर ते लोक थांबणार नव्हते. घरात नवऱ्याची ना नव्हती. सासूची होती. घरातले म्हातारे टाकून परक्या म्हाताऱ्यांची सेवा करायला चालली, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे.

सरावाला मी मुद्दाम तोच प्रश्न दिला. म्हाताऱ्या आईवडिलांना मुलांनी स्वतःच सांभाळलं पाहिजे का? तिने लिहिलं, आणि काय लिहिलं! दवाखान्यात रोज बघते ते लिहिलं. घरात भरपूर माणसं असूनही पाठीला जखमा झालेले म्हातारे, आणि पगारी बाईच्या हातून स्वच्छ न्हालेले म्हातारे. जवळ राहिलं म्हणजे सेवा झाली असं नाही, तिने साफ लिहिलं होतं. वाचताना मला बरं वाटत होतं. आणि खाली शेवटची ओळ: 'माझं बोलणं कोणाला लागलं असेल तर मी हात जोडून क्षमा मागते.'

माझं डोकंच फिरलं.

"तुझा मत खरा आसा मा?" मी विचारलं.

"आसा, बाई."

"मग माफी कित्याक?"

"असा तोंडावर सांगून उठान कसा जावचा? बरा दिसणा नाय."

"कोणाक? तो परीक्षक तुझो सासरो नाय गो," मी म्हटलं. "तेका फक्त तुझा मत व्हया. आणि तू शेवटच्या ओळीत ता परत घेतंस. वर पानभर भांडलंस कशाला मग?"

ती हसली, पण ओळ तिने खोडली नाही. मीच खोडली, कागद फाटेपर्यंत.

क्लासच्या मालकाचं म्हणणं वेगळं होतं. त्याच्याकडे तयार निबंध होते, विषय कुठलाही येवो, गाळलेल्या जागा भरायच्या. तिला त्या पाठांतराच्या वर्गात घाला, असं तो मला सांगत राहिला. तिचं नुकसान झालं तर तुमच्या हट्टामुळे होईल, हेही म्हणाला. मी म्हटलं, बाईमाणसाला घरात मत नाही, गावात मत नाही, आता निबंधातही दुसऱ्याचंच लिहायला लावता होय? मग परीक्षेला झेरॉक्सचं मशीनच पाठवा ना! पण आतून मलाही धाकधूक होती. तिचं जाणं राहिलं असतं तर सासू जिंकली असती, आणि मालकही. दोघं जिंकलेली मला चालली नसती.

मग मी एक खूळ काढलं. दर निबंधानंतर तिने उभं राहायचं, शेवटचं वाक्य मोठ्याने वाचायचं आणि पेनाचं टोपण लावून खाली बसायचं. पुढे एक अक्षर नाही. पहिल्यांदा ती वाचून तशीच उभी राहिली. पेन हातात, टोपण दुसऱ्या हातात, आणि ओठ हलत होते. "बस," मी म्हटलं. "बाई, काहीतरी राहिल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. वर्गातले हसले. मी त्यांच्यावर डाफरले, कारण त्यांचीही तीच गत होती. बरेच रविवार गेल्यावर एकदा तिने वाक्य वाचलं, टोपण लावलं आणि शेजारणीला विचारलं, "पाणी आसा काय गो?" तेव्हा मला कळलं की ही पास होणार.

झालीच. मालकाने तिचा फोटो पाठांतराच्या वर्गाच्या बोर्डावर लावला. मी स्टुलावर चढून तो काढला आणि पिशवीत घातला.

निघायच्या आधी तिच्या सासरी देवळात गाऱ्हाणं होतं. मलाही बोलावणं होतं, म्हणून गेले. मानकरी म्हातारा, पण आवाज खणखणीत. सगळ्या देवांना हाका झाल्या, सून परमुलखात जाते हे सांगून झालं, तिला सुखरूप पोचव म्हणून झालं. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा चाललं होतं. मग त्याने सासूकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "घरातल्या म्हाताऱ्यांका टाकून जाता, ही तिची चूक झाली आसा, ती पोटात घाल."

'व्हय' म्हणायला लोकांनी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ती बोलली. आवाज चढवला नाही, दवाखान्यात पेशंटला सांगावं तसं सांगितलं.

"माझी चूक काय नाय."

आणि थांबली. पुढे एक अक्षर नाही.

गाऱ्हाण्यात मध्ये कोणी बोलत नाही, बाईमाणूस तर नाहीच. सासूने पदर तोंडाला लावला. नवरा पायाकडे बघत होता. तिचे हात जोडलेले होते, मान मात्र वर होती, आणि ओठ हलत नव्हते.

मानकऱ्याला राग आला असणार. पण जो मागणं मागतो त्याचं बोलणं देवापर्यंत पोचवायचं हे त्याचं काम, आणि इतकी वर्षं तो तेच करत आला होता. त्याने घसा साफ केला.

"म्हातारी म्हणता, चूक आसा," तो देवाला म्हणाला. "सून म्हणता, चूक नाय. दोघांचाय तू आयकलंस. आता तिका पोचव, आणि हयसर ह्या म्हाताऱ्यांका सांभाळ."

मी देवळात कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी पहिलं 'व्हय म्हाराजा' माझं होतं, आणि सगळ्यात मोठं. मागून बाकीच्यांनी धरलं. सासूने म्हटलं की नाही ते मी बघितलं नाही, कारण मी सुनेकडे बघत होते. मानकऱ्याने नारळ उचलला. शेवटची माफीची ओळ कोणी म्हटलीच नाही.